वगळलेली नजर

यात पदरचे एक अक्षरही घातलेले नाही. ज्यांच्या घरी हे घडले त्या बाई आजही कोथरूडमध्ये त्याच घरात राहतात. त्यांनी हे सांगितले ते भर दिवसा, दार उघडे ठेवून, आणि बोलताना त्यांची पाठ एकदाही आतल्या खोलीकडे झाली नाही.

तिथी सांगतो. सन २०२५ ची सर्वपित्री अमावास्या. रविवार.

रात्र नव्हती. दुपारचे पावणेदोन वाजले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत लख्ख ऊन पलंगाच्या पायथ्यापर्यंत आले होते.

पलंगावर श्रीधरपंत होते.

पस्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवलेले गृहस्थ. वय अडुसष्ट. स्नायूंवरचा ताबा एकेक करून सुटत जातो अशा व्याधीने त्यांना गाठले होते. आधी हात गेले, मग जीभ गेली, आणि अलीकडे पापण्यादेखील मिटेनाशा झाल्या. उरली होती ती केवळ बुबुळे. तीही इतकी किंचित हलत की शेजारी बसलेल्या माणसाला ती कोणत्या अक्षराकडे वळली हे ओळखता येऊ नये.

ते ओळखणारे एक यंत्र होते.

पलंगासमोर लोखंडी दांड्यावर एक लॅपटॉप बसवलेला होता, आणि त्याच्या खालच्या कडेला वीतभर लांबीची काळी पट्टी. पट्टीतले कॅमेरे डोळे टिपत. पंत पडद्यावरच्या अक्षराकडे पाहत, अक्षर उमटे, आणि शब्द पुरा झाला की संगणक तो सपाट, भावशून्य आवाजात वाचून दाखवी. गेली तीन वर्षे त्या घरात श्रीधरपंतांचा आवाज म्हणजे हा आवाज.

पट्टी करणारी कंपनी मात्र केव्हाच बंद पडली होती. पंतांचे धाकटे बंधू अभय यांनी उभा जन्म संगणकांत घालवलेला. त्यांनी लॅपटॉपवर लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली बसवून दिली आणि देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी मिळून लिहिलेला ड्रायव्हर त्यावर घातला. ड्रायव्हर म्हणजे पट्टी आणि संगणक यांच्यामधला दुभाष्या. तो नसेल तर पट्टीला दिसते, पण संगणकाला कळत नाही. आणि लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, वरचेवर बदलतो. तो बदलला की ड्रायव्हरही त्याच्यासाठी नव्याने बांधून घ्यावा लागतो.

हे काम पद्मजाबाईंनी अंगावर घेतले होते. श्रीधरपंतांच्या पत्नी. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हयात गेलेली, त्यामुळे हात शिस्तीचा. सगळ्या आज्ञा त्यांनी सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेतल्या होत्या, आणि विसर पडू नये म्हणून दिवस धरला होता एकादशीचा.

अभयराव त्यांना चिडवत, "वहिनी, एकादशीला कर्नल अपडेट करणाऱ्या सबंध जगात तुम्ही एकट्याच असाल."

"साबुदाणा भिजेपर्यंत रिकामीच असते हो मी," त्या म्हणत.

तीन वर्षांत एकही एकादशी चुकली नव्हती.

या वेळी मात्र चुकली.

वद्य एकादशीच्या दिवशी पंतांचा श्वास अडखळू लागला, आणि पुढचे तीन दिवस मुखवट्यातून हवा देण्यात गेले. शनिवारी डॉक्टर प्रियदर्शनी घरी येऊन तपासून गेल्या. मुखवट्यावर आता फार तर दोन दिवस, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. घशाला छिद्र पाडून श्वासाचे यंत्र जोडले तर पंत आणखी काही वर्षे राहतील. मात्र ते सगळे दिवस असेच, या पलंगावर. आणि एकदा जोडलेले यंत्र मग सहजासहजी काढता येत नाही.

"काकू, उत्तर काकांचं हवं," त्या म्हणाल्या. "तुमचं नको. उद्या रविवार असला तरी मी संध्याकाळी सहाला येते."

त्या रात्री पद्मजाबाईंनी पतीला विचारले. पडद्यावर शब्द उमटले आणि आवाज म्हणाला, "उद्या सांगतो."

आणि रविवारी सकाळी सोसायटीची वीज गेली.

मुखवट्याचे यंत्र आपल्या बॅटरीवर चालत राहिले, पण लॅपटॉपची बॅटरी जुनी. तो बंद पडला. दहा वाजता वीज आली, लॅपटॉप सुरू झाला, पण तो नव्या कर्नलवर. आठवड्याभरात तो आपोआप उतरून बसला होता आणि ड्रायव्हर मागेच राहिला होता.

पट्टीचा दिवा लागला नाही.

पद्मजाबाईंनी वही उघडली आणि ओळीने सगळ्या आज्ञा दिल्या. नकार आला. जुना ड्रायव्हर नव्या गाभ्यावर बांधला जाईना. पुन्हा दिल्या. पुन्हा नकार. उशाशी मुखवट्याचा सुस्कारा चालूच होता, आणि दर सुस्काऱ्यागणिक सहा वाजायला थोडा कमी वेळ उरत होता.

अखेर त्यांनी परगावी गेलेल्या अभयरावांना फोन लावला. ते म्हणाले, ड्रायव्हरची अगदी नवी आवृत्ती कालच आली आहे, तीच उतरवून घेऊ. एकेक आज्ञा त्यांनी फोनवर सांगितली, बाईंनी टंकली. तीन तास गेले. दोनदा काहीतरी राहिले, दोनदा पुन्हा पहिल्यापासून. बाईंच्या घशाला कोरड पडली होती, पण पाणी प्यायला उठावे असे वाटेना.

पावणेदोनला पट्टीचा दिवा लागला.

बाई रडल्या. फोन कानाशी धरूनच रडल्या.

मग नजर जुळवण्याचा विधी. पडद्यावर पाच ठिकाणी बिंदू येतो, रुग्णाने त्याकडे पाहायचे. पाचही झाले. एरवी तेथे लिहून येई की वापरणारा तयार आहे.

या वेळी लिहून आले...

दोघे तयार आहेत.

पडद्याच्या कोपऱ्यात एक लहान चौकट असे. पट्टीला दिसणारे डोळे त्यात ठिपक्यांच्या रूपाने दिसत. तीन वर्षे तेथे दोन ठिपके होते.

आता चार होते.

दोन हिरवे. आणि त्यांच्या किंचित वर दोन पिवळे... जणू कोणी पंतांच्या डोक्यामागून पुढे वाकून पडद्याकडे पाहत आहे.

पण पंतांच्या डोक्यामागे माणूस उभा राहील अशी जागाच नव्हती. पलंग भिंतीला चिकटून होता. भिंत पांढरी, कोरी. तिच्यावर साधे कॅलेंडरही नव्हते.

बाईंनी कपाटाच्या आरशावर चादर टाकली. खिडकीचा पडदा ओढला. आपलीच सावली पडत असेल म्हणून स्वतः लॅपटॉपच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

ठिपके चारच राहिले.

फोनवर अभयराव म्हणाले, नवीन आवृत्ती आहे, असायच्याच बारीकसारीक चुका, मी येतोच आहे. त्यांनी फोन ठेवला.



"अहो," बाई हलकेच म्हणाल्या, "तुमचा घसा ओला करू का जरा?"

उत्तरादाखल अक्षरे उमटू लागली. भराभर, एकही न चुकता. मग सपाट आवाजाने एक ओळ म्हटली. मराठी नव्हती ती. जुन्या, वेदकालीन वळणाचे गद्य होते.

क्षणभर थांबून तीच ओळ पुन्हा उमटली. या वेळी संथपणे, चुकत-माकत, नजर डावीकडे घसरत. मग तशीच आणखी एकदा.

एकदा. मग दोनदा.

ही रीत बाईंना चांगली ठाऊक होती. लग्न होऊन आल्यापासून पहाटे त्यांनी ती कानांनी ऐकली होती. पंतांकडे मुले संथा घ्यायला येत. संथेचा नियम असा, की गुरूने एकदा म्हणायचे आणि शिष्याने दोनदा. अर्थ विचारायचा नाही. होकार-नकार नाही. गुरुमुखातून जे आले ते तसेच्या तसे दोनदा म्हणायचे, एवढेच शिष्याचे काम.

स्वतः पंतांनी ही संथा शनिवार पेठेत माधवशास्त्री यांच्यापाशी घेतली होती. शास्त्रीबुवा आजन्म ब्रह्मचारी, करारी, मितभाषी. अध्याय पुरा झाल्यावाचून विद्यार्थ्याला आसनावरून उठू देत नसत. पंत एकोणीस वर्षांचे असताना ते गेले, आणि जाताना एक अध्याय अर्धा राहिला. पोथी घरात होती. पण गुरुमुखातून आले तेवढेच आपले, असे मानून पंतांनी पुढची पाने कधीही उलटली नाहीत. दर सर्वपित्रीला मात्र वाडवडिलांबरोबर ते शास्त्रीबुवांच्या नावेही तिलांजली देत, कारण ती देणारे दुसरे कोणीच नव्हते.

हात गेल्यापासून तीन वर्षे ती दिली गेली नव्हती.

बाईंनी कपाटातून पोथी काढली. पंतांनी जेथे खूण घालून ठेवली होती त्याच्या पुढचे पान, एकोणपन्नास वर्षांत न उलटलेले पान, त्यांनी उलटले.

तीच ओळ होती.

पोथी मिटून त्या खुर्चीवर बसून राहिल्या. समोर दुसरी ओळ उमटली. एकदा. मग दोनदा. तिसरी उमटली.

"अहो, मला उत्तर द्या ना," त्या मध्येच म्हणाल्या. "सहाला डॉक्टर येतील. यंत्र लावायचं की नाही, तेवढं सांगा. मग म्हणा काय म्हणायचं ते."

चौथी ओळ उमटली.

अभयराव चारला पोहोचले. चार ठिपके पाहून आधी हसले, मग स्वतः पलंगाभोवती फिरले, पट्टीवर हात धरून पाहिला, आणि हसायचे थांबले. ड्रायव्हर जे जे करतो त्याची नोंद संगणक ठेवत असतो. ती त्यांनी उघडली. प्रत्येक ओळ पहिल्यांदा लिहिली होती पिवळ्या जोडीने. नंतरची दोन आवर्तने हिरव्या जोडीची.

ती नोंद त्यांनी पुन्हा वरपासून वाचली.

"नवीन ड्रायव्हरला एकापेक्षा जास्त माणसं ओळखता येतात," अखेर ते म्हणाले. "जुना ज्याचे डोळे आधी सापडतील ते धरायचा आणि दुसरे कोणाचे दिसले तर टाकून द्यायचा."

"टाकून द्यायचा म्हणजे?"

"म्हणजे वगळायचा. आणि तसं लिहून ठेवायचा."

"मग बघा ना, भावोजी. लिहिलंय का काही."

त्यांनी जुनी नोंद उघडली. पडदा ओळींनी भरला, खाली सरकला, पुन्हा भरला. दुसरी जोडी दिसली, वगळली. दुसरी जोडी दिसली, वगळली. सकाळ, दुपार, पहाट... बाई स्वयंपाकघरात असताना, देवाला फुले आणायला गेलेल्या असताना, शेजारच्या खाटेवर झोपलेल्या असताना. पहिली ओळ तीन वर्षांपूर्वीची होती. पट्टी बसवली त्याच दिवसाची.

पाच वाजून गेले होते. पंतांच्या नखांवर निळसर छटा चढू लागली होती.

सहाला पाच मिनिटे असताना डॉक्टर आल्या. बोटाला चिमटा लावून त्यांनी प्राणवायूचा आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. वेळ न दवडता त्या पंतांच्या कानाशी वाकल्या आणि एकेक शब्द सुटा करून त्यांनी विचारले, "काका, यंत्र लावू का?"

आवाज आला, "हो."

ताबडतोब. जणू प्रश्नाची वाटच पाहिली जात होती.

मग संथपणे, घसरत, "हो."

आणि पुन्हा, "हो."

"तीनदा म्हणाले," डॉक्टर म्हणाल्या. "याहून स्वच्छ उत्तर मी आजवर घेतलेलं नाही."

"तीनदा नाही हो," पद्मजाबाई म्हणाल्या. "ते म्हणायला लावलंय त्यांना. त्यांचं उत्तर नाही ते."

डॉक्टरांनी एकवार त्यांच्याकडे, एकवार अभयरावांकडे पाहिले. चार दिवस न झोपलेल्या बाईकडे पाहावे तसे त्यांनी पाहिले. पण उत्तर पतीचेच हवे, ही अट त्यांनीच घातलेली. रुग्णवाहिका यायला वीस मिनिटे आहेत, तेवढ्यात तुमचे समाधान करून घ्या, असे त्या म्हणाल्या.

तेव्हा अभयराव कपाळावर हात मारून उठले. जुना कर्नल पुसला गेलेला नसतो. लॅपटॉप सुरू होताना यादी येते, तिच्यातून तो निवडता येतो, आणि त्याच्यासाठी बांधलेला जुना ड्रायव्हरही तेथे शाबूत असतो. तो एकच जोडी धरतो. दुसरीला वगळतो.

हे सकाळीच सुचायला हवे होते.

लॅपटॉप बंद केला, सुरू केला. काळ्या पडद्यावर यादी आली. पहिल्या खेपेस वेळ निघून गेली आणि नवाच कर्नल चालू झाला. पुन्हा बंद. पुन्हा सुरू. मुखवट्याचा सुस्कारा उथळ होत चालला होता. या वेळी जुना निवडला गेला. पट्टीचा दिवा लागला.

चौकटीत ठिपके आले.

दोन.

पद्मजाबाईंनी दीर्घ श्वास सोडला. पतीच्या उशाशी नव्हे, अगदी समोर, लॅपटॉपच्या कडेला त्या गुडघे टेकून बसल्या, त्यांना आपण दिसावे म्हणून.

"अहो, आता दुसरं कोणी नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही आणि मी. तुम्हाला जायचं असेल तर माझी आडकाठी नाही. राहायचं असेल तर मी आहे. मनातलं सांगा. यंत्र लावू द्यायचं?"

अभयराव आणि डॉक्टर पडद्याकडे पाहत होते.

बाई पडद्याकडे पाहत नव्हत्या. त्या पतीच्या डोळ्यांकडे पाहत होत्या, तोंडापासून हातभर अंतरावरून. ती बुबुळे त्यांच्याकडे वळलेली होती. पडद्याकडे नाही, पट्टीकडे नाही. त्यांच्या चेहऱ्यावर खिळलेली, भरून आलेली, आणि तसूभरही न हललेली.

आणि आवाज म्हणाला...

"हो."

एकदाच. चटकन. न घसरता.

"झालं समाधान?" डॉक्टर म्हणाल्या. रुग्णवाहिकेचा भोंगा खाली रस्त्यावर ऐकू येत होता.

पद्मजाबाईंनी तोंड उघडले. काय पाहिले ते सांगायला एक वाक्य पुरे होते. ते सांगितले असते तर यंत्र लागले नसते, आणि यंत्र लागले नसते तर ही रात्र श्रीधरपंतांची अखेरची ठरली असती. चाळीस वर्षांच्या संसारातली अखेरची.

"हो म्हणाले," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली.

श्रीधरपंत आज आहेत. गळ्यातल्या नळीतून यंत्र त्यांना श्वास देते. प्रकृती स्थिर आहे, असे डॉक्टर म्हणतात.

लॅपटॉप जुन्याच कर्नलवर चालतो. रोज काही ना काही उमटते. पूर्वी बाई दिवसांचे दोन प्रकार मानत. काही दिवस शब्द रखडत, घसरत येत. ते वाईट दिवस. काही दिवस ओघाने, सफाईने येत, ते चांगले. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवशी पंतांनी त्यांच्यासाठी सबंध पानभर लिहिले होते. तो फार चांगला दिवस होता. ते पान त्यांनी चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावले होते.

ते त्यांनी भिंतीवरून काढले आहे. फाडले नाही. कोणाचे म्हणून फाडायचे, हे त्यांना कळत नाही.

मध्यंतरी अभयराव आले होते. ड्रायव्हर लिहिणाऱ्या मंडळींनी पुढची आवृत्ती काढली आहे. त्यात दोन जोड्या दिसल्या तर दोन्ही पडद्यावर दाखवतात आणि विचारतात, यांतला वापरणारा कोण? आपण निवडायचे. मग दुसऱ्याचे एक अक्षरही उमटत नाही.

"पाच मिनिटांचं काम आहे, वहिनी. बसवू का? निदान दादाला काय म्हणायचं होतं ते तरी कळेल."

"कळेल," बाई म्हणाल्या. "म्हणूनच राहू द्या."

अभयरावांनी चहा घेतला आणि ते गेले. तो विषय पुन्हा निघाला नाही.

पापण्या मिटत नसल्यामुळे दर तासाला पंतांच्या डोळ्यांत थेंब घालावे लागतात. बाई अगदी वेळेवर घालतात. पण घालताना त्या नजर बाजूला, कोऱ्या भिंतीकडे वळवतात, आणि पुष्कळदा थेंब गालावर पडतो. ते डोळे सारा दिवस त्यांच्याकडेच वळलेले असतात... आणि बाईंच्या पाठीमागे पडद्यावर, कोणाच्याही नजरेविना, सफाईने ओळ उमटत राहते.